आबांनी खिशात ठेवलेली तार

आबांना इंग्रजीतला एकच शब्द वाचता येत असे, 'एक्स्पायर्ड'. वाचता येत असे म्हणणंही खरं नाही. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो, तसा ते तो ओळखत. दुसऱ्या जागेवर फुली असलेला लांबलचक शब्द तारेत दिसला, की ते तार घडी करून सदऱ्याच्या खिशात घालत आणि बटण लावत. मग ज्याच्या नावाची तार, त्याला हाक मारून म्हणत, "जेवलास का रे भाऊ? पहिले जेव."

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची. नाशिकला आयटीआय करून मी सातपूरला वेल्डर म्हणून लागलो होतो. तिथून दोन वर्षांच्या करारावर आखातात गेलो. पंचवटीत आईने पेढे वाटले, आणि गल्लीला वाटलं मी साहेब झालो. साहेब कसला, वाळवंटात तेलाच्या टाक्या बांधायचं काम. पत्र्याच्या एका खोलीत आठ माणसं, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि वर्ष भरेपर्यंत रजा नाही. प्यायचं पाणीसुद्धा टँकरने यायचं. घरच्या पत्रांत मात्र आम्ही सगळे मजेत असायचो. तिथे माणसाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, गावाने मारत. मी 'नाशिक' झालो. आबा सटाण्याचे, पण वयाने सगळ्यांत मोठे म्हणून ते आबाच राहिले. लोखंडी पत्रे दोरखंडाने उचलून वर चढवणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते.

टपालाची जीप आठवड्यातून एकदा, गुरुवारी यायची. येताना पोतडी आणायची आणि जाताना आमची पत्रं, रजेवर जाणारा कोणी असला तर तोही, घेऊन जायची. पोतडी आबा उघडत, आणि तार कोणाची, कोण गेलं, हे जीपच्या ड्रायव्हरकडून हळूच वाचून घेत. हा मान त्यांना कोणी दिला नव्हता, त्यांनीच घेतला होता. त्याआधी मालेगावकडच्या एकाला भाऊ गेल्याची तार आली. तो ती वाचून तसाच टाकीवर चढला, आणि दुपारी त्याला खालून उचलावं लागलं. तेव्हापासून आबांनी नियम केला. हातातलं उंचीवरचं काम संपेपर्यंत वाईट बातमी सांगायची नाही. एरवी हा माणूस लोण्याहून मऊ. कोणी तापाने फणफणला तर त्याच्या उशाशी बसून मुगाची खिचडी भरवणार. पण या नियमापुढे ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाहीत.

सात महिने झाले असतील, माझ्या वडिलांची तार आली. मला ती दिसलीच नाही. टाकीचं छप्पर जोडायचं काम चाललं होतं आणि मी चाळीस फुटांवर परांचीला लटकून वेल्डिंग करत होतो. आबा रोज सकाळी माझा सुरक्षेचा पट्टा स्वतः ओढून बघू लागले. शुक्रवारी मटण असायचं, त्यातले त्यांच्या वाटचे तुकडे माझ्या ताटात पडू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा आपल्यावर जीव बसला. मी पण असा शहाणा, की मजेत खात होतो.

"तुना बाप काय काम करस रे?" तारेच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, त्यांनी विचारलं.

मी सांगत सुटलो. अण्णा नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर आहेत, पहाटे लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतात, बायका भांडतात म्हणून आमच्या गल्लीला पाच मिनिटं जास्त पाणी सोडतात. डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनला भितात. आबा मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "चांगला माणूस शे." शे म्हणाले. आहे. त्या वेळी अण्णांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

बोलण्याच्या भरात मी तिथेच अण्णांना पत्र लिहायला बसलो. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, घाबरू नका, आल्यावर तुम्हाला घड्याळ आणतो, असं दोन पानं भरून लिहिलं. आबा शेजारीच होते. पुढच्या गुरुवारी ते पत्र त्यांनी माझ्या हातून घेतलं आणि आपल्या हाताने पोतडीत टाकलं.

तार आल्यापासून अकराव्या दिवशी छप्पर पूर्ण झालं, त्या संध्याकाळी त्यांनी खिशाचं बटण काढलं. तार घामाने मऊ पडली होती. मी त्यांची गचांडी धरली. ते म्हणाले, "मार, भाऊ. पण तुले आधी सांगितलं असतं तरी काय झालं असतं? कंपनी सोडणार नाही. सोडलं असतं तरी कोणाला भेटला असतास?" त्यांचं म्हणणं खरं होतं. तीच तर चीड होती. अग्नी चुलतभावाने दिला होता आणि तेराव्याचं जेवणही उरकलं होतं.

पण माझं खरं नुकसान पुढेच होतं. ते पत्र पंचवटीत पोचलं. तार कधीच पाठवलेली, आणि मुलगा बापाला मोतीबिंदूचं विचारतोय, घड्याळाचं लिहितोय. भाऊबंदांनी ते मोठ्याने वाचलं. कोणी म्हणालं, बाप मेला तरी याला सोयरसुतक नाही. मी मागाहून सगळा खुलासा लिहिला, पण आईने त्यानंतर स्वतःहून मला एक ओळही लिहवून पाठवली नाही. परत आल्यावरही तिने विचारलं, "तार मिळाली नव्हती, खरंच?" मी नाही म्हणालो. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही, हे मला कळलं. तो शेवटपर्यंत बसला नाही.

आबांशी मी बोलणं टाकलं. ते जेवलास का विचारत, मी ताट घेऊन दुसरीकडे बसे.

आठ महिन्यांनी एका गुरुवारी जीप लवकर आली. आबा वर होते, म्हणून पोतडी मी उघडली. सटाण्याची तार होती. त्यांची बायको गेली होती. ती तार मला खिशात घालता आली असती. मी टाकीखाली उभा राहून ओरडलो, "आबा, खाली या, तार आहे." ते उतरले. मी वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आखो एकदा वाच." मी पुन्हा वाचली. तो सूड होता असं मला आजही म्हणवत नाही. नव्हता असंही म्हणवत नाही.

रजा मंजूर व्हायची होती, आणि तोवर जीप निघून गेली. पुढची जीप सात दिवसांनी. आबा पाइपांच्या ढिगावर बसले.

"मी कुठं पळून जात होतो रे?" ते म्हणाले. "जीप येती तवा सांगायचं होतंस. सात दिन माझ्यासाठी तरी ती जित्ती ऱ्हाती."

एवढं बोलून ते उठले आणि पुन्हा वर चढले. पट्टा लावला नाही. मी खालून मान वर करून दोन तास उभा होतो, आणि आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही. त्यांनी काम पूर्ण केलं आणि उतरले. सात दिवसांनी ते गावी गेले, ते परत आले नाहीत. मला मात्र तेव्हा कळलं, की अण्णांना मी अकरा दिवस जास्तीचे जिवंत ठेवले होते आणि ते दिवस आबांनी मला दिले होते. कळलं, पण राग गेला नाही.

करार संपवून नाशिकला आलो आणि एकदा सटाण्याला गेलो. आबा ओट्यावर बसून कांदा निवडत होते. सुनेने चहा दिला. लासलगावच्या कांद्याच्या दराबद्दल बोलणं झालं, पावसाबद्दल झालं. मी म्हणालो, "आबा, त्या दिवशी माझं चुकलं."

"तुझं राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या टायमाला मी चुकलो का? तेवढं सांग."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला होता. ते इतके दिवस हेच विचारायला थांबले होते, हे मला दिसत होतं. नाही म्हणायला काय लागत होतं? मला आईची ती मान हलवणं आठवलं, आणि मी म्हणालो, "हो आबा. चुकलात."

ते स्टँडपर्यंत सोडायला आले, पाच किलो कांद्याची पिशवी एसटीच्या खिडकीतून आत दिली आणि गाडी सुटायच्या आतच वळले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

आबांना मी दोनदा खरं सांगितलं. दोन्ही वेळा गप्प बसता आलं असतं.