लुमिंगबाईंचा ‘कॅरी’चा तास

आमच्या तळ्याकाठच्या गावात इलुमिनादा दिमायुगा म्हटलं तर कोणी मान वर करणार नाही. लुमिंगबाई म्हणा, म्हातारेसुद्धा उठून उभे राहतील. मी चौथीपर्यंतच शिकलो, तेही त्यांच्या आधीच्या मास्तरांकडे. पण बाईंची नोकरी पक्की झाली त्या सकाळी मी घराखाली होतो, तेव्हा हे सांगायचा हक्क माझाच.

बाई तेव्हा हंगामी होत्या. तपासनीस साहेब इंग्रजीचा तास बघणार. पसंत पडला तर कायम, नाहीतर घरी. नेमकं त्याच दिवशी बिनिंगमावशीचं घर हलवायचं होतं, कारण तळ्याचं पाणी पायरीला लागलेलं. आमच्याकडे घर मोडत नाहीत. खालून बांबू घालून अख्खं घर गावानं खांद्यावर न्यायचं. बाईंनी वर्ग तिथंच आणला.

साहेब बॅग काखेत दाबून घामाघूम पोचले. "बाई, हे काय चाललंय?"

"आज ‘कॅरी’ शिकतोय."

"त्याला एवढा खटाटोप? कॅरी म्हणजे आपल्या भाषेत दाला. पुस्तकात दिलंय."

"पुस्तकवाल्यानं कधी काही उचललेलं दिसत नाही," म्हणून बाई पोरांकडे वळल्या. डोक्यावर पातेलं घेतलेली एक शेजारीण दाखवली. "सुनोंग," पोरं म्हणाली. कडेवरचं मूल, किलिक. हातात लोंबणारे दोन कोंबडे, बितबित. प्रत्येकाचं इंग्रजी वाक्यही धडाधड, सगळ्यांत कॅरीच.

"आणि साहेबांची बॅग?"

"किपकिप," एक चिमुरडी म्हणाली. साहेबांनी बॅग काखेतून काढून हातात धरली. तीच चिमुरडी लगेच, "आता बितबित."

"सगळं घोकून घेतलंय," साहेब म्हणाले. "असल्या तासावर मी सही करणार नाही."

बाईंनी वाडगा पुढे केला. "आधी पेज घ्या, साहेब. गरम आहे."

कोंबडीची, आलं घातलेली. साहेबांनी दोन वाडगे रिचवले. त्यांना काय ठाऊक, आमच्या गावात घर हलवायच्या दिवशी पेज खाल्ली की घराला खांदा लावायचा. बिशपलाही सूट नाही.

"चला साहेब, मागचा कोपरा रिकामा आहे," मी म्हटलं.

"मी? अहो, मी तपासायला आलोय."

"मग वजन तपासा की."

ओठाला पेज लागलेली, नाही कसं म्हणणार? आले माझ्यामागे. दीडशे पावलं. शंभराव्याला मी विचारलं, "काय साहेब, दाला का?" घर टेकलं तेव्हा शर्ट फाटलेला, खांदा लालबुंद.

तसेच पोरांपुढे जाऊन म्हणाले, "मी आत्ता काय केलं?"

"पासान," सगळी एकदम.

"इंग्रजीत सांगा."

सांगितलं. साहेबांनी बिनिंगमावशीचं घर खांद्यावर वाहिलं, असं पुरं, शुद्ध वाक्य. हे काही आदल्या दिवशी घोकून घेता येण्यासारखं नव्हतं, आणि ते साहेबांच्याही ध्यानात आलं. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी तिथंच सही केली.

बाईंनी पुढं एकतीस वर्षं शिकवलं. माझी तिन्ही पोरं त्यांच्याच हाताखालून गेली.