अर्डिस आत्याचा आगाऊ कर

अर्डिस आत्याचा जन्म कागद गिरणीत रीळं गुंडाळण्यात गेला, त्यामुळे ती अजूनही यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवूनच बोलते. तिने मीठ मागितलं तरी घराला आग लागल्यासारखं वाटतं. तिचा नवरा, मर्ल काका, अगदी उलट. त्यांचं नुसतं "ब...रं" पूर्ण होईपर्यंत आमच्या कॉकॉना गावातला सिग्नल दोनदा बदलतो.

गेल्या शरदात आत्याने एक खूळ काढलं. गिरणीत पगारातून कापून साठवलेले निवृत्तीचे पैसे तिला रॉथ नावाच्या दुसऱ्या निवृत्ती खात्यात हलवायचे होते. त्या पैशांवर आजवर कर लागला नव्हता. काढेल तेव्हा लागणार होता. रॉथमध्ये हलवले, की हलवलेली रक्कम त्याच वर्षाचं उत्पन्न धरतात आणि कर आत्ताच घेतात. पुढे मग वाढलेलं, काढलेलं, सगळं बिनकराचं, आपलं.

"म्हणजे न मागितलेला कर तू आपणहून नेऊन देणार?" शुक्रवारच्या तळलेल्या माशांवर लिंबू पिळत शेजारचा नॉर्ब म्हणाला. "जाताना सरकारला केकपण ने की!"

"तू तुझी कोबी खा, नॉर्ब!"

सगळे हसले, काका सोडून. कारण आत्याला हलवलेल्या रकमेतून कर कापू द्यायचा नव्हता, म्हणजे कर भरायला बाहेरचे पैसे हवे. आणि बाहेरचे पैसे म्हणजे काकांच्या नावेचे. विनेबागो तळ्यावर मासे धरायला सपाट तळाची नाव घ्यायची म्हणून ते कधीपासून साठवत होते.

मला काही राहवेना. किराण्याची कूपनं कापून जपणारी ही बाई, कर मुदतीआधी भरायला निघाली कशी? रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळताना मी विचारलंच, "आत्या, एवढी घाई कसली गं?"

तिने पत्ते बाजूला सारले आणि खारी बिस्किटं टेबलावर पायरीपायरीने मांडली.

"आम्ही दोघं मिळून विवरणपत्र भरतो, तोवर कराच्या दरांच्या या पायऱ्या रुंद. खालच्या दरात पुष्कळ मावतं. एक जण गेला, की पुढच्या वर्षापासून दुसरा एकटा." तिने प्रत्येक बिस्किट कडकन मोडलं. "पैसे जवळपास तेवढेच, पायऱ्या निम्म्या! राहिलेला माणूस थेट वरच्या दरात! म्हणून दरवर्षी खालची पायरी भरेल एवढंच हलवायचं. सगळं एकदम नाही."

"एक जण म्हणजे कोण?" काकांनी विचारलं.

"मी! आमच्या घरात सत्तरी पाहिलीये कुणी? आई गेली, बहीण डोना गेली. आणि तुला रे, विवरणपत्राची वरची बाजू कुठली ते तरी कळतं का?"

"आणि मी आधी गेलो तर?"

"तर मी स्वस्तात विधवा!"

काकांनी बिस्किटांचे तुकडे एकत्र गोळा केले. "हे आधी का नाही बोललीस?"

"तू रडतोस, मर्ल. फुटबॉल सामन्यातल्या जाहिराती बघूनपण रडतोस."

दुसऱ्या दिवशी आत्याने खातं सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची बाई पाळणा म्हणतेय अशा सुरात बोलत होती. "एकदा हलवलेलं परत फिरवता येत नाही हं, मॅडम. समजलं?"

"ब...रं," काका मध्येच म्हणाले. "माझं लग्नपण तसंच झालंय, बाई."

आत्याने त्यांना भांडी पुसायचं फडकं फेकून मारलं.

"आणि यातूनच कर कापून घ्यायचा का, मॅडम?"

आत्याने काकांकडे पाहिलं. काका फोनवर वाकले. "नको. तो आम्ही वेगळा भरतो, नावेच्या पैशांतून."

"सर, आपण खातेदार आहात का?"

"नाही, बाई. मी मागे उरणारा."

पलीकडची कीबोर्डची टकटक थांबली. "सर, मला हे खातेदारांच्याच तोंडून ऐकावं लागेल."

आत्याने फोन स्वतःकडे ओढला आणि काकांकडे न बघता म्हणाली, "तो म्हणतो तसंच."