गोचिडाची पावडर

तुरीच्या ओळींत गांजा लावून पकडले गेलेले शेतकरी रेशमाकडे वळवायचे, हे माझं काम. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीकडच्या एका गावात जामिनावर सुटून आलेला एक जण होता. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारं घर, आता थोडी मेंढरं आणि तुरीचं रान. बायकोनं त्याला घरात घेण्याआधी उंबऱ्यातच देवाचा भंडारा उचलायला लावला होता, पुन्हा गांजाच्या बियाला हात लावणार नाही, अशी शपथ म्हणून. "हे परत आत गेले तर मी लेकरं घेऊन कुठं जाऊ?" ती म्हणाली. "तुमचं रेशीम चाललं पाह्यजे, ताई. मला दुसरं कायबी कळत न्हाई."

मग मीही हट्टाला पेटले. तुती लावून घेतली, शेड उभं केलं. दोघं मरमर राबले. अळ्या मोठ्या झाल्यावर पाला खाण्याचा आवाज यायचा. तो गडी नुसता ऐकत बसायचा. "मेंढरं चरून राह्यल्यावानी वाटतं," म्हणायचा. मला इतकं बरं वाटायचं, की जालन्याच्या कोषबाजाराच्या गप्पा मी तासन्‌तास हाणायचे.

अळ्या कोष विणायला बसणार, तेवढ्यात त्याचा फोन. "ताई, जल्दी या. समद्या ओकून राह्यल्यात."

गेले तर रॅकवर अळ्या हिरवं ओकून आखडून पडलेल्या. कोपऱ्यात मेंढरांच्या गोचिडाच्या पावडरीचा रिकामा पुडा. पहाटे मुंग्या चढल्या होत्या. मुंग्यांसाठी रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायला मी सांगितलं होतं, वाट्या होत्याही, पण कोरड्या. मेंढराला किडा लागला की फक्की मारायची, ही त्याच्या हाताची लहानपणापासूनची सवय. त्यानं ती बरोबर सगळीकडं मारली होती, मायेनं.

"अहो, अळी म्हणजे किडाच ना?" मी ओरडले. फार वाईट ओरडले.

तो खाली बघत म्हणाला, "मेंढरं तर मरत न्हाईत, ताई."

अळ्यांची नवी अंडी मागायला गेले, तर रेशीम ऑफिसनं सांगितलं, ज्याची बॅच गेली त्याला यंदा मिळणार नाही. साहेबाशी कचाकचा भांडले. काही उपयोग झाला नाही. रिकाम्या शेडात मेंढरं बसायला लागली.

तुरी डोक्याला लागल्या तेव्हा मी त्या रानात गेले. बांधावरच गांजाचा तो उग्र वास आला, आणि अंगाचा तिळपापड झाला. तो मेंढरांमागं गेला होता. त्याची बायको एकटीच खुरपत होती.

"देवाचा भंडारा उचलला होता ना त्यानं? काहीच कसं वाटलं नाही त्याला?"

ती उठली. पदराला हात पुसले.

"त्यांनी उचलल्ता, ताई. त्यांनी हात न्हाई लावला. बी म्या टोबलं."