काचेपाशी उभे गायकवाड सर

तेरच्या आमच्या शाळेत गायकवाड सर विज्ञान शिकवायचे. वर्गात हातातला खडू मुद्दाम सोडायचे आणि विचारायचे, "कोण कुणाकडं गेलं?" पोरं म्हणायची, खडू जमिनीकडं. "दोघंबी गेली. ओढ दोन्हीकडून सारखीच. पृथ्वी लई जड, म्हणून तिचं हलणं दिसत न्हाय, एवढंच." खडूंचे तुकडे व्हायचे आणि मुख्याध्यापक चिडायचे.

मी मराठी शिकवायचो, म्हणजे सरांच्या लेखी कामातून गेलेला. चहाच्या वेळी ते शेजारी येऊन बसत. "मास्तर, आत्ता तुमी मला ओढायलाव, मी तुमाला. कुठल्याबी दोन वस्तू घ्या, ओढ हायच. अंतर दुप्पट झालं की ती चौथाई ऱ्हाती." मला तर काहीच जाणवत नाही, असं मी म्हटलं की हसायचे. "बारीक असती ओ. पण शून्य न्हाय."

सर जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की मला शाळेआधी दवाखाना आठवतो. त्यांची मुलगी शीतल दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. धाराशिवच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मी सरांसोबत गेलो होतो. पोर इवलीशी, मधूनच श्वास घ्यायला विसरायची. मग यंत्र वाजायचं आणि सिस्टर धावत येऊन तिच्या तळपायाला टिचकी मारायची. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही.

सर बाकावर बसेनात. बाळाच्या खोलीच्या काचेला कपाळ टेकवून उभे. वॉचमननं हटकलं तरी हलले नाहीत. मी म्हणालो, "सर, बसा जरा."

"इथनं अंतर कमी हाय, मास्तर."

एरवी मी त्यांची टर उडवली असती. असल्या ओढीनं धुळीचा कणही हलत नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं. पण त्यांचं तोंड बघून मला भीती वाटली. मीही जाऊन काचेपाशी उभा राहिलो.

यंत्र जरा शांत झालं तेव्हा सिस्टर बाहेर आली. बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर, उबेत ठेवायचं होतं. शीतलला ताप होता, जावई औषधासाठी सोलापूरला गेलेला. "आजोबा, तुमी येताव?"

सरांना सदऱ्याची बटणं सुटेनात, मी सोडली. सिस्टरनं ते एवढंसं अंग नळ्यांसकट त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं. सरांनी वरून दोन्ही हातांनी तिला धरलं, डोळे मिटले आणि श्वासच रोखून धरला.

"आजोबा, श्वास घ्या की," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "तुमचा कळला तर ती घेईल."

सरांची छाती वर आली, खाली गेली. मी पोरीच्या पाठीकडं बघत होतो. थोड्या वेळानं तिनंही घेतला.