भरणा झाला की बॅग रिकामी

दिवस पाडव्यानंतरचा शुक्रवार. रक्कम सोळा हजार आठशे. त्यात नऊ हजार सहाशेची पेटी आणि सात हजार दोनशेची तिच्यात बसणारी डिस्क. ठिकाण लातूरचं घर. हजर माणसं तीन, मी, आप्पा आणि आई. आप्पांनी आधी बिलाची बेरीज तपासली आणि मग विचारलं, "एवढ्या पैशात ही करती काय?"

"तुमच्या फायली सांभाळते."

"मग लॅपटॉप काय करून राहिला?"

आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त कंडक्टर. मी नांदेडला एका पतसंस्थेत हिशेब पाहतो आणि महिन्यातून एकदा लातूरला जातो. निवृत्तीनंतर आप्पांनी एक काम अंगावर घेतलं होतं. ज्या थांब्यांना पाटी नाही, शेड नाही, पण प्रवासी ज्यांच्या नावानं ओरडून उतरतात, त्या प्रत्येक थांब्याची गोष्ट लिहायची. निलंग्याच्या वाटेवरच्या 'तीन चिंचा'ला आज एकही चिंच नाही. हदगावकडच्या 'मास्तर उतरा'ला एक शिक्षक रोज झोपेत पुढं जायचे आणि सगळी गाडी मिळून त्यांना उठवायची. शिक्षक कधीच निवृत्त झाले, थांबा तेवढा राहिला. असे दोनशे चौदा थांबे, थांब्याला एक फाईल, सगळं एका बोटानं टाइप केलेलं.

कागदावर एक अक्षर नव्हतं. डोक्यातलं थेट लॅपटॉपमध्ये. पुढच्या महिन्यात जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा स्नेहमेळावा होता आणि तिथं प्रत्येकाच्या हातात पुस्तिका देईन, असं आप्पा फोन करकरून सगळ्यांना सांगून बसले होते. वय त्र्याहत्तर. "आता पुन्हा लिही म्हणलास तर निम्मे थांबे मागंच राहतील," असं ते स्वतःच म्हणायचे. म्हणून तर मी पेटी आणली.

लॅपटॉप माझाच जुना. विंडोज त्याला झेपेना, म्हणून मी त्यावर लिनक्स चढवलं होतं. त्या वेळची आप्पांची चौकशी मला अजून आठवते.

"केवढ्याला पडलं?"

"फुकट."

"सवलतीचा पास हाय का?"

"पास नाही, आप्पा. सगळ्यांनाच फुकट."

"मग त्यांचं महामंडळ चालतं कशावर?"



तर त्या शुक्रवारी मी पेटी घरातल्या वायफायच्या डब्याला जोडली. लॅपटॉपमध्ये एक आज्ञा लिहून ठेवली. रोज संध्याकाळी सहाला लॅपटॉपनं पेटीशी बोलावं आणि जे नवं असेल ते तिकडं पाठवावं. आज्ञेत एक जादा शब्दही घातला, की लॅपटॉपमधून जे पुसलं जाईल ते पेटीतूनही पुसावं. एकाच फाईलच्या चार जुन्या प्रती पडून राहिलेल्या मला बघवत नाहीत. आमच्या धंद्यात दोन ताळेबंद म्हणजे एक खोटा.

आप्पांना हे समजावताना मला फार छान शब्द सुचला. म्हणालो, "आप्पा, हा रोजचा भरणा समजा. ड्यूटी संपली की कंडक्टर डेपोत पैसे भरतो ना, तसं लॅपटॉप रोज सहाला पेटीत भरणा करणार."

आप्पांचा चेहरा उजळला. "असं सांग की मग! आत्ता समजलं."

मलाही वाटलं, समजलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी ऑफिसात असताना फोन आला.

"'मास्तर उतरा' कुठं गेलं?"

"म्हणजे?"

"फाईल रे. उघडायची हाय. एक ओळ घालायची राहिली."

"लॅपटॉपमध्येच असेल की."

"लॅपटॉपमध्ये कशी आसल? भरणा झाला न्हवं?"

मला काही उमगेना. "आप्पा, तुम्ही नक्की काय केलं?"

"काय केलं म्हणजे? भरणा झाला की बॅग रिकामी करायची. पेटीत समद्या फायली मी रविवारी माझ्या डोळ्यानं बघितल्या. काल सकाळी बॅग रिकामी केली. कचऱ्याची टोपलीबी साफ केली. भरणा करून बॅगेत पैसे ठिवणाऱ्या कंडक्टरला काय म्हणतेत ठाऊक हाय का तुला?"

मला ठाऊक होतं. लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्या क्षणी मला दुसरंच दिसत होतं. काल सकाळी लॅपटॉप रिकामा. काल संध्याकाळी सहा वाजता माझी आज्ञा उठली असणार, लॅपटॉपमध्ये शून्य फायली मोजल्या असणार आणि माझ्या त्या जादा शब्दाला जागून पेटीतही शून्य करून ठेवलं असणार.

"आप्पा, लॅपटॉप बंद करा आणि कशालाही हात लावू नका. मी निघालो."

"एका ओळीसाठी?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचा धीर झाला नाही.

नांदेडहून लातूरपर्यंतच्या गाडीत मी आप्पांना काय सांगायचं याचीच जुळवाजुळव करत होतो. अहमदपूरच्या पुढं कुणीतरी मागून ओरडलं, "ओ, बाभळीला घ्या!" आणि कंडक्टरनं घंटी मारली. बाहेर बाभळ नव्हती. दोनशे चौदातला हाही एक असणार, आणि तो आता फक्त या ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडात उरलाय, असं वाटलं.

घरी पोचलो तर आप्पा चष्मा पुसत बंद लॅपटॉपसमोर बसलेले. मी सरळ पेटीकडं गेलो. दिवा बंद. पिन बोर्डातून काढून खाली लोंबत ठेवलेली आणि तिच्या जागी आईच्या मोबाईलचा चार्जर.

"ही पिन कुणी काढली?"

"मी," आई आतून म्हणाली. "मंगळवारी दुपारी लाइट गेली. तुझी ती डबडी निळे डोळे मिचकावून बसली इन्व्हर्टरवर. म्हणलं, आमचाच बॅकअप दोन तासाचा, त्यात हिला कशाला जेवू घालू?"

"अगं, ती बॅकअपच आहे."

"हाव का? दुकानदारानं फसवलं तुला. तासभरबी पंखा चालत न्हाई तिच्यावर. मी इचारलं शेजारणीला."

लातुरात बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. बाकी सगळे अर्थ नंतर आले. मी आईला समजावत बसलो नाही. तिच्या पायाच पडलो.

"हे काय नवीन?" आई म्हणाली.

मंगळवारपासून पेटी बंद. म्हणजे बुधवारी सहाला माझी आज्ञा उठली, पेटीला हाका मारून दमली आणि काही न पुसता परत झोपली. पण आज गुरुवार होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात सहाला पंधरा मिनिटं होती. पेटी आता जागी केली आणि लॅपटॉप तसाच सुरू केला, तर सहाला रिकामी बॅग पुन्हा तिच्यासमोर उभी राहणार होती. मी आधी लॅपटॉप सुरू करून त्यातली आज्ञा खोडली. दोनदा बघितलं. मग चार्जर काढून पिन लावली.

निळा दिवा लागला. फायली मोजल्या. दोनशे बारा.

"दोन कमी," आप्पा माझ्या खांद्यावरून म्हणाले. मी तोपर्यंत त्यांना सगळं सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. तिकिटं आणि रोकड जुळवताना त्यांचा असायचा तसा चेहरा झाला होता. "मंगळवारी लिवलेले दोन. एक औशाच्या वाटंवरचा आन् एक इस्लापूरकडचा."

"आठवतात का?"

"बस. सांगतो, तू टाइप कर."

बसलो. आप्पांनी सांगितलं, मी टाइप केलं. इस्लापूरच्या थांब्यावर ते मध्येच अडले. म्हणाले, "मंगळवारी हितं चांगलं वाक्य जमलं हुतं, ते काय येईना." मग थोड्या वेळानं म्हणाले, "जाऊ दे. थांबा तर आला."

आज्ञा मी पुन्हा लिहिली, तो जादा शब्द सोडून. आता पेटीत एका फाईलच्या चार-चार प्रती साठतात आणि मी तिकडं बघत नाही. आप्पांना नवा शब्द दिला नाही. फक्त म्हणालो, "भरणा नाही, आप्पा. बॅगेतलं बॅगेत राहू द्या."

"मग आधी तसं सांगायचं हुतं," ते म्हणाले, आणि यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी पुस्तिका तयार झाली. पहिल्या पानावर आईचे आभार छापायचे, असं आप्पांच्या मनात आलं.

"पिन उपटली म्हणून?" आई म्हणाली. "मंग चार्जरचंबी नाव घाला."

आभार राहून गेले. साठ प्रती, प्रतीला पंच्याऐंशी, बांधणीसकट. पैसे मी काढले होते, पण आप्पांनी माझा हात बाजूला सारला. एकूण पाच हजार शंभर रुपये झेरॉक्सवाल्याला दिले. रोख, आप्पांनी, आणि पावती घेऊन.