मदतीची पिशवी

"घे मावशी, लाजू नकोस," असं म्हणत मालकांनी माझ्या मायच्या हातात तूरडाळीची पिशवी दिली. मान मात्र फोटोवाल्याकडे. गुलबर्ग्यातलं मंगल कार्यालय, मालकांचा वाढदिवस, भर स्टेज. मायने पिशवीचं तोंड उघडलं, आत हात घातला आणि एक खडा बाहेर काढला. मग आणखी एक.

आपण काय करतोय हे तिला कळलंच नाही. याच मालकांच्या डाळमिलमध्ये तिने उभी हयात डाळ निवडण्यात घालवली होती. डाळ दिसली की तिचा हात आपोआप आत जायचा.

सगळं कार्यालय हसलं. पुढच्या खुर्चीवरून मालकीणबाई म्हणाल्या, "फुकटचं बी निवडून पायजे व्हय हिला?" पुन्हा हशा. मायने खडे मुठीत लपवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिलमध्ये खडे टिपणारं मशीन आलं तेव्हा एका संध्याकाळी सगळ्या बायकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नोटीस नाही, भरपाई नाही. आम्ही मूळचे मंठाळ गावचे, इथे जमीन ना जुमला. वडिलांच्या आजारपणात बचत गटातून कर्ज काढलेलं. वडील गेले, कर्ज राहिलं. गटाची रीत अशी, की एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. म्हणून गटातल्या बायका आमच्या दारात येऊन बसायच्या. भांडायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. मायच्या ताटात जेवलेल्या बायका! त्यांच्यासमोर चूल पेटवायची भीती वाटायची. हप्ता भरत नाहीत आणि भाकरी खातात, असं म्हणतील म्हणून.

अशात मिलचे मुनीम घरी आले. "अक्का, मालक तुमचं समदं कर्ज फेडायलेत. तुमी फकस्त त्यांच्या वाढदिसाला स्टेजवर बोला, मालकांनी कुनाचं काई ठिवलं न्हाई म्हनून."

काढून टाकलेल्या बायकांनी कामगार कार्यालयात भरपाईचा अर्ज केला होता. माय त्यांच्यात सगळ्यात जुनी. ती असं बोलली की अर्ज पाण्यात. हे तिला कळत होतं. पण दारातल्या त्या गप्प बायकांनी तिची झोप उडवली होती. ती हो म्हणाली.

हशा थांबल्यावर मालकांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला. "बोल मावशी."

मागच्या रांगेत मिलमधल्या बायका बसल्या होत्या. मायने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्टेजवर चढले आणि माईक ओढून घेतला.

"माय बोलनार न्हाई. आमाला मदत नको. भरपाई पायजे."

मालक हसरा चेहरा तसाच ठेवून हळूच म्हणाले, "कामून तमाशा करायलीस? कर्ज कोन फेडील?"

मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि मायला खाली उतरवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिलमधल्या बायकाही खाली बघत राहिल्या. रस्त्याने माय एवढंच बोलली, "आता पुना दारात बसतील गं त्या."

बसल्या. अजूनही बसतात. मी कपड्याच्या दुकानात उभी राहते, त्यातून हप्ता थोडा थोडा जातो. काही वेळा दार रिकामं असतं, तरी मला तिथे कुणीतरी बसल्याचा भास होतो. दुपारी डोळा लागला की मायची बोटं चटईवर काहीतरी टिपत राहतात. मी हात धरला तरी थांबत नाहीत. मला त्या बोटांची भीती वाटते.

कामगार कार्यालयातले साहेब दर तारखेला कन्नडमधून समजावतात, तडजोड करा. मुनीमही येऊन जातात. दर खेपेला रक्कम वाढवतात, अट तीच ठेवतात. मी त्यांना पाणी देते आणि परत पाठवते. मिलमधल्या चार बायका आता तारखेला माझ्याबरोबर येतात. उद्या त्या आल्या नाहीत तर मी एकटी जाईन. माय थकली तर तिला पाठीवर घेऊन जाईन. मालकांना तिच्या कष्टाचे पैसे द्यावेच लागतील, आणि ते घेताना माझी माय हात जोडणार नाही.