नाक गेलेला मिस्त्री

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला निघून ती दोनदा परत आली होती. एकदा बसस्टँडवरून, एकदा यवतमाळच्या दवाखान्याच्या थेट फाटकातून. कारण विचारलं की एकच उत्तर, "मले दिसते." तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. माणसं ती चपलांच्या आवाजावरून ओळखायची, मीठ चिमटीने मोजायची, आणि ठेच लागली तर उंबऱ्यालाच नावं ठेवायची. कुणाला काही विचारणं तिच्या स्वभावातच नव्हतं. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "आता आणखी थांबलात तर पुढे माझ्या हातात काही राहणार नाही."

तिसऱ्यांदा निघालो त्या सकाळी मात्र ती आपणहून गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मी एक शब्द बोललो नाही. शाळेत विज्ञान शिकवण्याची पंचवीस वर्षं झाली, तरी आईशी कधी बोलू नये हे मला फार उशिरा कळलं.

आमची गाडी जुनी, पेट्रोलची, कार्बोरेटरवाली. तिचा पेट्रोलचा काटा कित्येक वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला. वाटेत पंपावर थांबायचं म्हणजे गाडी बंद करायची आणि आईला उतरायची संधी द्यायची, हे मला नको होतं. म्हणून उजाडताच कापसाच्या खोलीतला कॅन आणून टाकीत रिकामा केला. कॅनमध्ये पेट्रोल आहे, गाडी पेट्रोलवर चालते, एवढाच हिशेब. मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

आमचं घर गावाबाहेर, शेताला लागून. बाभुळगावात शिरेपर्यंत गाडी नीट चालली, मग तिने दोन आचके दिले आणि बंद पडली. किल्ली फिरवली की इंजिन गरागरा फिरायचं, पण पेट काही घेत नव्हतं. सातव्या वेळी मागून दाराची कडी वाजली. आईने दार अर्धं उघडलं होतं आणि एक पाय बाहेर ठेवला होता.

"देवाच्या मनात नाही बाबू," ती म्हणाली. "राहू दे."

दुसरी गाडी मागवता आली असती. पण गाडी बदलायची म्हणजे उतरायचं, आणि एकदा उतरली की ती पायी घरची वाट धरणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिला हात जोडून म्हटलं, पाच मिनिटं बस, आणि रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे पळालो. तिथले मिस्त्री चाचा साठीचे. जुन्या गाड्या हाताळणारे तालुक्यात आता तेच उरले होते.

चाचा आले, पण बोनेटला हात लावला नाही. आधी त्यांनी उघड्या दारातला आईचा पाय पाहिला, मग माझं तोंड. डोळ्यांच्या ऑपरेशनला नेतोय, एवढं मी कसंबसं सांगितलं.

"सर, किल्ली मारा. मी म्हनलं का सोडा."

त्यांनी डोळे मिटून बोनेटवर पंजा ठेवला. मी किल्ली मारली. "अजून एकडाव." पुन्हा मारली. "बॅटरीत ताकद हाय. बेल्ट तुटला नाही, तुटला असता त इंजिन हलकं फिरलं असतं. आता दोनच गोष्टी. आग पोचत नाही, नाही त पोचूनबी पेटत नाही."

त्यांनी एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला पुन्हा किल्ली मारायला सांगितली. निळी ठिणगी टक् टक् उडाली. आग होती. एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरला, आरपार उजेड दिसला. हवा होती. प्लगचं टोक बोटाने चोळलं, ते ओलं होतं. म्हणजे पेट्रोलही होतं. ज्वलनाला काय काय लागतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. इथे सगळं हजर होतं आणि ज्वलन तेवढं होत नव्हतं. माझं विज्ञान तिथेच संपलं.

चाचांनी सवयीने प्लग नाकाशी नेला आणि हात तसाच खाली घेतला.

"माह्यं नाक गेलं कोरोनात," ते म्हणाले, अगदी पान्हा हरवला म्हणावं इतक्या सहज. "अर्धा धंदा नाकावर होता. सर, तुमी वास घ्या."

मी घेतला. पेट्रोलचा वास आला, तसं सांगितलं. चाचांनी माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं. मग प्लग स्वच्छ फडक्यात धरून ते मागच्या दाराशी गेले.

"अम्मा, तुमी सांगता का? मले वास येत नाही अन् सरायले कळत नाही."

आई गोंधळली. असं काही तिला कुणी कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. तिने चाचपडत फडकं हातात घेतलं, एकदा लांबून हुंगलं, एकदा जवळून.

"हे गाडीचं पेट्रोल नोहे," ती म्हणाली. "हे फवारणीच्या पंपाचं हाय. याच्यात ऑइल टाकेल हाय. अन् शिळं, औंदाचं नाही." थोडं थांबून पुन्हा हुंगलं. "कापसाच्या खोलीतल्या कॅनले बूच नोहतं, अन् खोली गळते. पावसाचं पानीबी गेलं असन. कोनं टाकलं?"

दोघांनीही माझ्या दिशेने मान वळवली. शेत मक्त्याने दिलं त्याआधी तीस हंगाम आईनेच त्या पंपाचं मिश्रण केलं होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी कबूल केलं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मी नुसता थक्क झालो होतो. एकाला वास येत नव्हता, दुसरीला दिसत नव्हतं, आणि दोघांनी मिळून बंद टाकीच्या आतलं पाहिलं होतं.

चाचांनी पेट्रोलची नळी सोडून काचेची बाटली भरली आणि वाटेतल्या दगडावर ठेवली. पाहता पाहता बाटलीत दोन थर झाले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. मग ते गाडीखाली शिरले आणि टाकी रिकामी करू लागले. आईचा पाय अजून बाहेरच होता, पण ती आता गाडीच्या खालून येणाऱ्या खडखडीकडे कान देऊन बसली होती.

"मिस्त्री," तिने हाक मारली. "वास येत नाही त मंग कसं करता?"

"इचारतो ना लोकायले," खालून आवाज आला.

"लाज नाही वाटत?"

पान्हा फिरवता फिरवताच ते म्हणाले, "पयलं साल लई वाटली अम्मा. कोनाले सांगलं नाही. अंदाजानं काम केलं, तीन गाड्या बिघडवल्या. मंग इचाराले लागलो. लोक सांगतेत. कोनी हसत नाही."

या माणसाने आपली सगळ्यात मोठी उणीव भर रस्त्यात, गिऱ्हाइकासमोर उघडी करून ठेवली होती. मला तेवढं धैर्य नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

कार्बोरेटर धुऊन, प्लग पुसून, ताजं पेट्रोल घालून झालं. मी किल्ली मारली. इंजिन दोनदा खोकललं, निळा धूर सोडला आणि चालू झालं. चाचा म्हणाले, एकदा बंद करून पुन्हा पाहू.

"बंद करू नोका," आई म्हणाली. "गाडी बंद झाली का माही हिंमतबी बंद होईन."

तिला भीती वाटते हे मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चाचांनी मान हलवली आणि चालत्या इंजिनावर बोनेट अलगद टेकवलं. आईने पाय आत घेतला.

यवतमाळला दवाखान्यासमोर गाडी उभी केली तेव्हा ठरलेल्या वेळेला दहा मिनिटं बाकी होती. मी दार उघडून नेहमीसारखा बाजूला सरकलो, कारण हात धरलेला तिला चालत नसे. ती उतरली, दोन पावलं चालली आणि थांबली.

"पायरी कुठी हाय?" ती म्हणाली. "मले दिसत नाही. सांग."